अस्वल आधी कोणाच्या दारात येतं?

परवाच्या बैठकीत मी अस्वलाचा विषय काढला तर दोघं-तिघं फिसकन हसले. एक म्हणाला, कवी, तुझं डोकं गोदीतल्या उन्हानं तापलंय. भरती बंद आहे त्यावर बोल, शिष्यवृत्त्या रखडल्यात त्यावर बोल, अस्वलं कसली काढतोस?

हसा. मी पण मुंबईतलाच. अस्वल पहिल्यांदा पाहिलं ते राणीच्या बागेत, खारे दाणे खात. पण माझ्या बापाचं गाव गोंदिया जिल्ह्यात, नवेगावबांधच्या जंगलाच्या अंगाला. गावाचं नाव लिहीत नाही, तिथं आमच्या माणसांना अजून राहायचं आहे. त्या गावात अस्वल हा गोष्टीतला प्राणी नाही. तो रोजच्या व्यवहारातला आहे, जसा सावकार, जसा रेशनवाला.

गाव कसं वसलंय ते आधी ऐका. मधोमध जुन्या मालगुजाराचा वाडा. बाजूला देऊळ, ग्रामपंचायत, किराणा. मग जमीनवाल्यांची कौलारू आणि आता स्लॅबची घरं. मग मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. त्याच्या पाळीला ढिवरांची घरं. तिथं सिमेंटचा रस्ता संपतो. त्यापुढे आमची वस्ती, आमच्यापुढे गोंडांची टोली, आणि टोलीला लागून झुडपी, मग जंगल. गावाचा उकिरडा आमच्या अंगाला. मेलेलं ढोर ओढून टाकायची जागा आमच्या अंगाला. विजेचा शेवटचा खांब आमच्या अलीकडे शंभर पावलं.

आता सांगा, जंगलातून निघालेलं जनावर आधी कोणाच्या दारात येईल? अस्वलाला जात कळत नाही, पण हा नकाशा ज्यांनी आखला त्यांना चांगली कळत होती. वाड्यापर्यंत पोचायचं तर त्याला दोन वस्त्या तुडवून जावं लागतं. शेकडो वर्षं आम्ही गावाचं कुंपण आहोत. काट्याचं नाही, हाडामासाचं.

जनावराबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण शहरातल्या पोरांना वाटतं अस्वल म्हणजे मऊ खेळणं. आपल्याकडचं हे काळं, झिपऱ्या केसांचं अस्वल मांसासाठी शिकार करत नाही. त्याचं खाणं वाळवी, मुंग्या, मध, आणि त्या त्या हंगामातलं फळ-फूल: मोह, तेंदू, बोर, जांभूळ, उंबर. पुढचे वरचे दोन दात त्याला नसतातच. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी फुर्र करून ओढतं, नाकपुड्या मिटून घेतं म्हणजे माती आत जात नाही. नखं माणसाच्या बोटाएवढी, वारूळ फोडायला. नाक तिखट, नजर अधू. तोंड वारुळात असलं की स्वतःच्याच ओढण्याच्या आवाजात त्याला दुसरं काही ऐकू येत नाही. माणूस दहा पावलांवर आला तरी पत्ता नसतो. आणि पत्ता लागतो तेव्हा ते दचकतं. दचकलेलं हरीण पळतं, दचकलेलं अस्वल अंगावर येतं. हे जनावर वाघाच्या शेजारात वाढलेलं आहे. मादी पिल्लं पाठीवर घेऊन हिंडते, तिला पिल्लांसकट पळून सुटता येत नाही, म्हणून ती आधी मारते. मागच्या पायांवर उभी राहते, आणि तिचा पंजा जिथं पोचतो तिथं माणसाचं तोंड असतं. डोळा, नाक, जबडा, टाळू.

म्हणून अस्वलाने मारलेली माणसं त्या मानाने कमी मरतात. ती जगतात. तोंड नसलेली जगतात. मध्य प्रदेशात १९८९ ते १९९४ या पाच वर्षांत अस्वलाने ७३५ माणसांवर हल्ले केल्याची नोंद आहे, त्यात ४८ मेली. छत्तीसगडात उत्तर बिलासपूरच्या वनविभागात १९९८ ते २००० या तीनेक वर्षांत १३७ हल्ले झाले, ११ मेली. या दुसऱ्या अभ्यासातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. निम्म्याहून जास्त हल्ले घनदाट जंगलात झालेच नाहीत. ते झाले घराच्या परसात, शेतात, गावाला लागून असलेल्या झुडपात. म्हणजे माणूस अस्वलाकडे गेला नव्हता. दोघं एकाच जागी, एकाच वेळेला आले होते.

ही वेळ कोणती? पहाट. मोहाचं फूल मार्च-एप्रिलात पहाटे पडतं. रात्रभर अस्वल त्या झाडाखाली असतं, आणि उजाडायच्या आत बायका टोपल्या घेऊन त्याच झाडाखाली जातात. उशीर केला तर फूल गुरं खातात, नाहीतर दुसरी वेचते. नंतर तेंदूपत्ता येतो, एप्रिल-मेमध्ये, तो पण पहाटेच तोडतात, कारण दहानंतर ऊन जाळतं आणि संध्याकाळपर्यंत पुडे बांधून फडीवर द्यायचे असतात. जळणाला जायचं ते पहाटे. डब्याला जायचं ते पहाटे, अंधार असताना, कारण बाईमाणसाने उजेडात बसायचं नसतं. ज्याच्या घरात गॅस, नळ, संडास आणि महिन्याचा पगार आहे त्याची अस्वलाशी गाठ पडायला मोठं कमनशीब लागतं. आमच्या वस्तीतल्या बाईची गाठ पडायला नुसता रोजचा दिनक्रम पुरतो.

माझी मोठी माय, माझ्या बापाच्या मोठ्या भावाची बायको, अशीच गेली होती. लोटा घेऊन, घराच्या मागच्या बाजूला, चाळीसएक पावलं. घरी संडास होता. त्याच्या भिंतीवर चष्म्याचं चित्र पण होतं. २ ऑक्टोबर २०१९ ला अख्खा ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली तेव्हा आमचं गाव पण कागदावर मुक्त झालं. पण संडासाला पाणी नव्हतं आणि खड्डा गुडघाभर. त्यात शेळीचा पाला आणि सरपण ठेवायचे. उंबराच्या झाडाखाली अस्वलीण होती, पाठीवर पिल्लू. मोठ्या मायने तिला बघितलं नाही, तिनं मोठ्या मायला बघितलं नाही. पुढचं पाच-सहा श्वासांत झालं.

उजवा डोळा गेला. गाल गेला, जबडा दोन जागी मोडला. खाटेवर घालून रस्त्यापर्यंत, तिथून जीपने तालुक्याला, तालुक्याने हात वर केले म्हणून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून पुढं. मी मुंबईहून दुसऱ्या दिवशी पोचलो. दोन पाळ्यांची मजुरी बुडाली, मुकादमाने तिसरी पण बुडवली. ती पट्ट्यांतून मला म्हणाली, "पोरा, मले तिचा राग नाही. तिच्या पाठीवर लेकरू होतं बाप्पा." नंतर म्हणाली, "पन त्या संडासवाल्याले एकदा आन माह्यासमोर."

कविता लिहिणारा मी. अशा दोन ओळी मला आजवर सुचल्या नाहीत.

मग भरपाई. सरकार देत नाही असं नाही. महाराष्ट्रात वन्यप्राण्याने माणूस मारला तर घरच्यांना २५ लाख मिळतात, २०२३ पासून. पण जखमीची रक्कम बरीच खाली आहे. कायम अपंगत्वाला मृत्यूच्या निम्मे पण नाहीत. मेलेल्याला औषध लागत नाही. तोंड फाटलेल्याला सात-आठ ऑपरेशनं लागतात, प्रत्येक वेळेला सोबत माणूस लागतो, त्या माणसाची मजुरी बुडते. आणि पैसे मिळायच्या आधी एक प्रश्न असतो. एका साहेबाने तो माझ्या मोठ्या बाबाला चार वेळा विचारला: बाई नेमकी कुठं होती? घराच्या हद्दीत की जंगलात?

या प्रश्नात अख्खी मेख आहे. आमच्या घराच्या मागचा तो पट्टा सातबाऱ्यावर "झुडपी जंगल" आहे. पूर्व विदर्भात अशी लाखो एकर जमीन आहे. तिच्यावर शाळा आहेत, मसणवटे आहेत, झोपड्या आहेत, आणि कागदावर ती जंगल आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पण तिला वनजमीनच धरलं, डिसेंबर १९९६ च्या आधीच्या वापराला नियमित करायची वाट ठेवून. म्हणजे आमची बाई आपल्या परसातून बाहेर पाऊल टाकते ती थेट सरकारच्या जंगलात पडते. तिथं मुतलं तरी आम्ही अतिक्रमणवाले.

आता १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा बघा. अस्वल त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. मला ते मान्य आहे. कलम ११ म्हणतं, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेने जनावर मारलं गेलं तर गुन्हा नाही. वाचून बरं वाटतं. मग खाली परंतुक येतं: त्या वेळी तुम्ही या कायद्याविरुद्ध काही करत असाल तर ही सवलत तुम्हाला नाही. अभयारण्यात परवान्याशिवाय पाऊल टाकणं हेच कायद्याविरुद्ध आहे. म्हणजे अभयारण्याच्या आत मोह वेचणारी बाई अस्वलाखाली सापडली आणि तिच्या पोराने कुऱ्हाड घातली, तर आधी प्रश्न अस्वलाचा येत नाही. आधी प्रश्न येतो, तुम्ही आत का होता. अस्वलाचा आत असण्याचा हक्क जन्मसिद्ध आहे. आमचा सिद्ध करावा लागतो.

तो सिद्ध करायचा कायदा पण आहे. २००६ चा वनहक्क कायदा. जंगलातलं गौण उपज गोळा करायचा, वापरायचा, विकायचा हक्क तो देतो. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक हक्क घेतला, अठराशे हेक्टरवर, आणि आपलं जंगल आपण सांभाळून दाखवलं. गोंडांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून तिथं असल्याचं दाखवावं लागतं. आम्ही "इतर पारंपरिक वननिवासी". आम्हाला त्या तारखेच्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं तिथं राहिल्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांची नावं १९३० साली कुठल्या चावडीने धड लिहून घेतली नाहीत, त्यांनी १९३० चा पुरावा आणायचा! माझ्या आज्याच्या नावाचा एकच जुना कागद घरात सापडला, तो सावकाराच्या कर्जाचा होता. (आणि तरी सांगतो, पुराव्यात म्हाताऱ्यांची जबानी पण चालते, ग्रामसभेत नोंदवून. हे फार कमी जणांना माहीत आहे. सामूहिक दावा तर अख्ख्या ग्रामसभेचा असतो, त्यात आमची वस्ती पण येते, वाड्याला आवडो न आवडो.)

आता आपल्या शहरातल्या दोन जातींच्या शहाण्यांबद्दल.

पहिला शहाणा प्राणीप्रेमी. जीपमधून गळ्यात भलीमोठी लेन्स अडकवून येतो, अस्वलाचा फोटो काढतो, आणि घरी जाऊन लिहितो की माणसाने जंगलावर आक्रमण केलं. कुठल्या माणसाने? चंद्रपुरात कोळशाच्या खाणी ज्याने खोदल्या तो पण माणूस, आणि टोपलीभर मोह वेचणारी पण माणूस. "माणूस" हा शब्द इथं चोराला लपायला वापरलेला आहे. त्याच्या फ्लॅटमधला दिवा खाणीच्या कोळशावर जळतो, आणि त्या खाणीने हाकललेलं जनावर आमच्या उंबरठ्यावर येतं. हिशोब त्याच्याकडे मागायचा सोडून तो आमच्याकडे मागतो.

दुसरा शहाणा आपल्यातलाच. तो म्हणतो, घाला गोळ्या. माणसापेक्षा अस्वल मोठं काय? ऐकायला क्रांतिकारक वाटतं. पण मित्रा, एक मारलंस तर त्या मोहाखाली दुसरं येणार, कारण मोह तिथंच आहे, उकिरडा तिथंच आहे, अंधार तिथंच आहे. आणि मारायला पुढं कोण जाणार? वाड्यावरचा पाटील? काठ्या घेऊन आपलीच पोरं जातात, हाकारा घालतात, दोन-तीनशे माणूस गोळा होतो, निम्मे मोबाईलवर चित्र घेतात. घेरलेलं अस्वल फट दिसेल तिथून निघतं, आणि त्या फटीत उभा असतो त्याचा जबडा जातो. डुकरासाठी चोरून शेताच्या तारेत वीज सोडतात, त्यात अस्वल मरतं आणि रात्री पाणी द्यायला गेलेला सालगडी पण मरतो.

आणि अस्वल हरवलं तर आपण जिंकलो असं कुठं आहे? त्याला नाकात वेसण घालून गल्लोगल्ली नाचवणारे दरवेशी आपल्या थोरांनी पाहिलेत. पोराला भीती वाटू नये म्हणून अस्वलाच्या केसाचा ताईत बांधायचे. उत्तरेतले कलंदर हाच धंदा करायचे. देशातलं शेवटचं नाचतं अस्वल २००९ मध्ये सोडवलं गेलं. अस्वलाची वेसण निघाली हे चांगलंच झालं. पण पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर पोट असलेल्या भटक्या माणसांची वेसण कोण काढणार, हे विचारणारे फार थोडे निघाले.

हे गोंदियातच घडतं असं नाही. तिकडे निलगिरीत, कोटागिरी-कुन्नूरच्या चहामळ्यांत, अस्वलं तेलाच्या आणि गुळाच्या वासाने देवळात, दुकानात, मजुरांच्या लायनीत शिरतात. त्या डोंगरांतल्या मळ्यांत राबणाऱ्यांत १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो करारानंतर श्रीलंकेतून परत धाडलेले तमिळ मजूर पुष्कळ आहेत, आणि त्यांत आपले दलित पुष्कळ. मळा साहेबाचा, अस्वल मजुराचं.

तर करायचं काय? मी वनखात्याचा साहेब नाही, दहावी पास गोदी कामगार आहे. मला जे दिसतं ते लिहितो.

वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत दिवा. हा पहिला. शेवटचा खांब शंभर पावलं पुढं न्यायला किती खर्च येतो ते वीज कंपनीच्या वायरमनला विचारा, तो सांगेल. एका जबड्याच्या ऑपरेशनपेक्षा स्वस्त. संडासाला पाणी. चित्र नको, पाणी. उकिरडा वस्तीच्या दारातून हलवून खड्ड्यात, झाकून. खरकटं, सडकी फळं, मोहाची दारू गाळल्यावर उरलेला चोथा घरामागे फेकायचा नाही. त्या वासाला अस्वल लांबून येतं. हे शेवटचं आपल्याच लोकांना सांगायचं आहे, तिथं सरकारला शिव्या देऊन भागत नाही. विहिरींना कठडे. रात्री बिनकठड्याच्या विहिरीत अस्वल पडतं, सकाळी अख्खं गाव काठावर जमतं, आणि मग ते वर आलं की पळापळ.

मोहाचं म्हणाल तर झाडाखाली जाळी बांधून फूल झेलायची रीत काही ठिकाणी आली आहे. फूल मातीत पडत नाही, पाला जाळावा लागत नाही, आणि पहाटेच्या अंधारात वाकून एकेक वेचायची गरज नाही, उजाडल्यावर जाळी उतरवली की झालं. जाळ्या वस्तीतल्या बायकांना मिळाल्या पाहिजेत, सरपंचाच्या मेव्हण्याला नाही. आणि मोहाला भाव. फुलाला धड भाव मिळाला तर दोन टोपल्यांसाठी अंधारात धावायला नको.

अस्वलापुढं कसं वागायचं तेही पोरांना माहीत पाहिजे, कारण गावाकडे जाता आणि शहरी हुशारी करता. एकट्याने जायचं नाही. चालताना मोठ्याने बोलत जायचं, काठीला घुंगरू बांधायचं, म्हणजे ते आधीच ऐकून बाजूला होतं. दुरून दिसलं तर गुपचूप मागच्या पावली फिरायचं. पळायचं नाही, ते माणसापेक्षा जोरात पळतं. झाडावर पण चढतं. अंगावर आलंच तर पालथं पडायचं, तोंड मातीत, दोन्ही हात मानेवर, आणि ते जाईपर्यंत हलायचं नाही. मोठी माय हे जाणत होती. तिला तेवढाही वेळ मिळाला नाही.

बाबासाहेबांनी खेडं सोडा म्हणून सांगितलं. माझ्या बापाने सोडलं, म्हणून मी आज गोदीत पोती ओढतो आणि रात्री हे लिहितो. पण सगळ्यांना सोडता आलं नाही. जे मागं राहिले ते रस्ता संपतो तिथं राहिले. आपण इथं बसून त्यांच्यावर कविता करतो, आणि वर्षातून एकदा जयंतीला जाऊन निळा झेंडा लावून येतो. १४ एप्रिल. नेमका मोहाचा हंगाम.

या एप्रिलला जे जे गावाला जाणार आहेत त्यांनी जाताना तीन कागद बरोबर न्यावेत. वीज कंपनीला शेवटच्या खांबाचा अर्ज, वस्तीतल्या सगळ्यांच्या सह्या-अंगठ्यांसकट. ग्रामसभेत मांडायला सामूहिक वनहक्काच्या दाव्याचा ठराव, म्हाताऱ्यांच्या जबान्या जोडून. आणि संडासांची यादी: घर, मालकाचं नाव, पाणी आहे की नाही, खड्डा किती फूट. मोजायला टेप न्या, त्यांच्याकडे नसते. यादीची एक प्रत तहसीलला द्या, पोच घ्या, दुसरी इथं मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. आमच्या गावची यादी झाली आहे. सत्तावीस संडास, पाणी तीन ठिकाणी.